अक्काच्या वहीतली खाडाखोड

आमच्या वडोदऱ्याच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. माझ्या आजोबांच्या थोरल्या बहिणीची, अक्काची. अक्काचा जन्म १८९८ चा. तेराव्या वर्षी ती विधवा झाली, माहेरी परत आली आणि १९६१ साली त्याच घरात वारली. मी तिला पाहिलेले नाही. घर विकायचे ठरले तेव्हा ट्रंक खाली आली. आत दोन आलवणे, एक जपमाळ, शिवलीलामृताची पोथी आणि एक लांबट वही निघाली. वहीत दुधाचा हिशेब होता. तारीख, शेर, आणे. पुढे पुन्हा तारीख, शेर, आणे. साऱ्या वहीत फक्त एका पानावर, खालच्या बाजूला, चार ओळी लिहून नंतर इतक्या दाबून खोडल्या होत्या की टाकाच्या टोकाने कागद फाटला होता.

त्या चार ओळींवर मी एक कादंबरी लिहायला घेतली.

तिचा आराखडा वाचकांना सांगायचीही गरज नाही, इतका तो ओळखीचा आहे. आजच्या मुंबईतली एक घटस्फोटित बाई जुने घर आवरायला येते. तिला वही सापडते. एक प्रकरण तिचे, एक प्रकरण शंभर वर्षांपूर्वीच्या विधवेचे, अशी आलटून पालटून गोष्ट चालते. खोडलेल्या ओळी म्हणजे न पाठवलेले पत्र. वडोदऱ्याच्या गायनशाळेत शिकणाऱ्या, शेजारच्या वाड्यात रियाज करणाऱ्या एका तरुणाला लिहिलेले. अक्काचे धाडस अपुरे राहिले, ते तिची पणती पुरे करते. सात प्रकरणे लिहून झाली. ती वाचणाऱ्या मैत्रिणींच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले. त्या पाण्याविषयी मला नंतर जी शंका आली, तिच्याविषयी हा लेख आहे.

दोन काळांतल्या दोन स्त्रियांना एका धाग्यात ओवणारी कादंबरी आता जगभर एक रूढ प्रकार झाली आहे. तिची सामग्री ठरलेली असते: पत्रे, रोजनिशी, दागिना, तसबीर, मागे राहिलेले घर. आजची स्त्री कसल्या तरी पेचात असते. कालची स्त्री गप्प असते. आजची शोध घेते, कालची हळूहळू बोलू लागते आणि शेवटी दोघींची सुटका होते. प्रश्न असा, की या सुटकेला कालच्या बाईची संमती कोणी विचारली? आणि मेलेल्या माणसाच्या बाबतीत संमती या शब्दाला काही अर्थ तरी उरतो का?

या प्रकारातली भारताशी थेट संबंध असलेली, आणि माझ्या मते आजही सर्वांत प्रामाणिक कादंबऱ्यांपैकी एक, म्हणजे रूथ प्रवर झाबवाला यांची ‘हीट अँड डस्ट’. ती १९७५ साली आली आणि त्याच वर्षी तिला बुकर पारितोषिक मिळाले. लेखिका जन्माने जर्मन ज्यू, लग्नामुळे दिल्लीकर. कादंबरीत १९२३ साली सतीपूर नावाच्या गावात ऑलिव्हिया नावाची एक तरुण इंग्रज बायको आहे. नवरा डग्लस सरकारी अधिकारी. ती शेजारच्या खत्म संस्थानच्या नवाबाच्या प्रेमात पडते, तिला दिवस जातात, ती गर्भ पाडून घेते, बोभाटा होतो आणि ती नवऱ्याला सोडून नवाबाकडे निघून जाते. पन्नास वर्षांनी डग्लसच्या दुसऱ्या लग्नातली नात, जिचे नाव आपल्याला कधीच कळत नाही, ऑलिव्हियाने बहिणीला लिहिलेली पत्रे घेऊन सतीपुरात येते. तिथे इंदरलाल नावाच्या विवाहित कारकुनाशी तिचा संबंध येतो, तिलाही दिवस जातात. तीही गर्भ पाडायला निघते, पण ऐनवेळी थांबते आणि मूल ठेवायचे ठरवते.

वरवर पाहता हा आरसा नीट बसवलेला आहे. एकीने जे केले ते दुसरी करत नाही, आणि त्या फरकात पन्नास वर्षे मोजली जातात. पण झाबवाला यांनी एक गोष्ट केली आहे जी या प्रकारातले फार थोडे लेखक करतात. नवाबाने ऑलिव्हियाला डोंगरातल्या एका गावी घर घेऊन दिले. तिथे तिने उरलेले सगळे आयुष्य काढले. त्या आयुष्याविषयी निवेदिकेच्या हाती फार थोडे लागते. ऑलिव्हिया तिथे सुखी होती का, तिला पश्चात्ताप झाला का, हे निवेदिकेला कळत नाही, लेखिका सांगत नाही आणि वाचकाला विचारत बसावे लागते. पत्रांनी जेवढे दिले तेवढेच घेऊन ती नात डोंगर चढते.

मी माझ्या सात प्रकरणांत असे काही शिल्लक ठेवले नव्हते. अक्काच्या चार ओळींतले प्रत्येक अक्षर मी वाचले होते, कारण ते मीच लिहिले होते.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो हलका नाही. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे दुसरे काय? रणजित देसाईंनी १९६२ साली ‘स्वामी’ लिहिली तेव्हा माधवराव पेशव्यांची संमती कुठे घेतली होती? मग दुधाचा हिशेब लिहिणाऱ्या विधवेच्याच बाबतीत एवढी सोवळी नीती कशाला?

माझे उत्तर असे, की माधवरावांच्या बाजूने बोलायला माणसे आहेत. त्यांची पत्रे आहेत, बखरी आहेत, दफ्तर आहे आणि कादंबरीकाराचे चुकले तर हमरीतुमरीवर येणारे इतिहासकारही आहेत. माधवरावांवर अन्याय झाला तर महाराष्ट्रात सभा भरेल. अक्कावर झाला तर कोणाला कळणारही नाही. जिच्याविषयी काहीच शिल्लक नाही तिच्याविषयी लिहिताना लेखकाला पूर्ण मोकळीक असते, आणि ज्या ठिकाणी पूर्ण मोकळीक असते तिथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो. भरलेल्या बाजारात वजन नीट करणे सोपे. गिऱ्हाईक आंधळे असेल तेव्हा दुकानदाराची परीक्षा होते.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. गप्प बसवलेल्या बाईविषयी आपणही गप्प बसलो, तर तिला गप्प बसवणाऱ्यांचेच काम आपण पुढे नेतो. हे खरे आहे. बायकांचे मौन नैसर्गिक नसते. कोणीतरी ते घडवलेले असते. जुन्या कागदांत सामान्य बाई येते ती बहुधा गुन्ह्याच्या निमित्ताने. इतिहासकार रणजित गुहा यांचा १९८७ चा ‘चंद्राज डेथ’ हा निबंध याच अनुभवावर उभा आहे. १८४९ सालच्या बंगालमधल्या बीरभूम भागातले काही कबुलीजबाब त्यांच्यासमोर होते. चंद्रा नावाची बागदी जातीची तरुण बाई गर्भ पाडण्याचे औषध घेऊन मेली होती. तिच्या आईचा जबाब आहे, बहिणीचा आहे. चंद्राचा नाही. ज्या पुरुषापासून दिवस गेले त्याने घरच्यांना धमकावले होते, एवढे कळते. गुहा त्या तुटक्या कागदाभोवती गावाची रचना, जात, नातेवाइकांचे बळ, बायकांनी एकमेकींना केलेली मदत हे सगळे उभे करतात. पण चंद्राला काय वाटले ते तिच्या तोंडून वदवत नाहीत. तिची जागा मोकळी राहते, आणि त्या मोकळ्या जागेचा आकार मात्र आपल्याला स्पष्ट दिसतो.

तेव्हा बोलायचे की गप्प बसायचे, असा हा पेच नाही. कोणत्या जागी उभे राहून बोलायचे, असा आहे. हे मला पुस्तकांतून कळले असे म्हणायला आवडले असते, पण ते माझ्या आत्याने शिकवले.

आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आता शहाऐंशी वर्षांची आहे. अक्काला जवळून पाहिलेली आमच्या घरातली ती शेवटची. सात प्रकरणे झाल्यावर मी ती तिला वाचून दाखवायला घेऊन गेले. तिने दोन दुपारी शांतपणे ऐकले. शेवटी चष्मा पुसत म्हणाली, “छान लिहिलंयस. पण ही कोण?”

“अक्काच, आत्या.”

“अगं, अक्का अशी कुठे होती?”

मी तिला वहीतले ते पान दाखवले. तिने ते खिडकीशी नेऊन पाहिले. “दूधवाल्याचा हिशेब चुकला असेल,” ती म्हणाली. “हिशेब चुकला की ती अशीच चिडायची.”

मी हसले. आत्या हसली नाही. मग तिने मला जे सांगितले ते आमच्या घरात मी कधी ऐकले नव्हते. आत्या शाळेत हुशार होती. १९५३ साली, मॅट्रिकच्या आदल्या वर्षी, तिला शाळेतून काढली. मी आजवर समजत होते की हे आजोबांनी केले. आजोबांची इच्छा नव्हती. अक्काने तीन दिवस अन्न सोडले होते. घोडी झालेली मुलगी मुलांच्या शाळेत जाते, उद्या काही झाले तर तोंड कुठे लपवायचे, असे तिचे म्हणणे. चौथ्या दिवशी आजोबांनी नाव काढले. “माझी भूगोलाची वही तिनंच बंबात घातली,” आत्या म्हणाली. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट, पण वहीचा विषय तिच्या लक्षात होता.

वडोदरा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अक्का तेव्हा आठ वर्षांची होती. तिला बाळबोध लिहिता येत होते ते बहुधा त्या सक्तीमुळे. लिहायला शिकलेली ती आमच्या घरातली पहिली मुलगी, आणि भावाच्या मुलीचे शिक्षण तोडणारीही तीच. माझ्या कादंबरीत पहिले वाक्य होते. दुसरे नव्हते. समजा, पहिल्यापासून मला दुसरे ठाऊक असते, तर ते मी घेतले असते का? मला वाटते, नसते घेतले. कारण ते घेतले असते तर अक्का माझी पूर्वज म्हणून मिरवण्याजोगी उरली नसती.

इथे मला माझ्या अश्रूंचा अर्थ लागला. मी अक्कासाठी रडत नव्हते. जिने माझ्यासारखे वागायचा प्रयत्न केला आणि जमले नाही, अशा कोणासाठी तरी रडत होते, म्हणजे स्वतःसाठीच. काळाच्या पलीकडे हात नेऊन मी एक हात धरला, तो माझाच दुसरा हात होता.

आणि यात एका जिवंत माणसावर अन्याय होत होता, हे अधिक गंभीर. अक्काला बंडखोर नायिका केले की आत्याची बंबात गेलेली वही दुसऱ्यांदा जळते. मेलेल्यांविषयीचे आपले गोड खोटे बहुधा कोणा जिवंताच्या हिश्शातून जाते.

वेगवेगळ्या काळांतली आयुष्ये एकमेकांत गुंतवण्याची कल्पना आपल्याकडे कादंबरीबरोबर आलेली नाही. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या, यांनी आपल्या आत्मनिवेदनात स्वतःचे आयुष्य सांगितले आहे. लहानपणी मोठ्या वयाच्या बिजवराशी झालेले लग्न, नवऱ्याचा मार, कोल्हापुरातले वासरू, देहूचा प्रवास. आणि अखेरच्या काळात आपल्या मुलाला, विठोबाला, त्यांनी आधीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. म्हणजे एका बाईने अनेक काळांतली आयुष्ये एका धाग्यात ओवल्याचे उदाहरण मराठीत तीन शतकांपूर्वीचे आहे. ते पूर्वजन्म कोणी खरे मानो वा न मानो. तिथला संबंध कसा आहे हे पाहण्यासारखे आहे. पूर्वजन्म म्हणजे आपले आजचे चित्र देखणे दिसावे म्हणून लावलेली चौकट नव्हे. तिथे देणे असते. मागच्या जन्मातले काही राहून गेलेले, काही चुकलेले, या जन्मात फेडावे लागते. मागचा जन्म आपली वाहवा करत नाही. तो हिशेब मागतो.

आजच्या दुहेरी काळाच्या कादंबरीत हा हिशेब बहुधा उलटा होतो. मागचीच आपल्याला काही देते: धीर, ओळख, मुळे, एखादा दागिनाही. आपण तिला काय देतो, तर ‘आवाज’. आणि तो आवाज ऐकू येतो तेव्हा नेमका आपल्यासारखा असतो.

याला फार मोठा अपवाद आपल्याच देशातला आहे. कुर्रतुलऐन हैदर यांची १९५९ साली प्रसिद्ध झालेली उर्दू कादंबरी ‘आग का दरिया’. इसवी सनापूर्वीच्या श्रावस्तीपासून फाळणीनंतरच्या दिवसांपर्यंत ती वाहते. तीत चंपा नावाची स्त्री युगायुगांत भेटते: प्राचीन काळी चंपक, मध्ययुगात चंपावती, नबाबी लखनौत चंपाजान ही तवायफ, विसाव्या शतकात चंपा अहमद. पण या चौघींना एकमेकींचा पत्ता नाही. चंपा अहमदला कोणाची रोजनिशी सापडत नाही, चंपाजानच्या घुंगरांवरून तिला स्वतःचा शोध लागत नाही. धागा फक्त वाचकाच्या हातात असतो. म्हणून तो धागा कोणाची मालमत्ता होत नाही. आधीच्या चंपेचे दुःख पुढच्या चंपेच्या कामी येत नाही. ते वाया गेल्यासारखे तिथेच पडून राहते, आणि वाचकाला त्याचे काही करता येत नाही. इतिहासात बहुतेक दुःखे अशीच पडून आहेत. ती कोणाच्या तरी उन्नतीसाठी झाली असे मानण्याने आपल्याला बरे वाटते. ज्याने ती सोसली त्याला नव्हे.

आता मी एका मराठी पुस्तकाकडे येते, कारण या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर तिथे आहे. १८८१ साली सुरत जिल्ह्यात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर, विवाहबाह्य संबंधातून झालेल्या स्वतःच्या अर्भकाला मारल्याबद्दल खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी जाऊन काळे पाणी झाले. खटल्याची चर्चा मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांत गाजली आणि बायकांच्या बिघडत्या चालीवर अग्रलेखी प्रवचने झडली. त्यांवर संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. ते १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक सापडलेले नाही. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली; पण पुढे पुस्तक विस्मृतीत गेले. ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. म्हणजे ज्या वर्षी ‘हीट अँड डस्ट’ लंडनहून निघाली, ज्या वर्षी जगाने आंतरराष्ट्रीय महिला वर्ष साजरे केले, त्याच वर्षी ताराबाई शंभरीच्या उंबरठ्यावरून परत आल्या. कादंबरीकाराने असा योग जुळवला असता तर आपण तो फार सोयीचा म्हटला असता.

ताराबाईंनी काय केले ते पाहा. विजयालक्ष्मीच्या मनात शिरून तिच्या तोंडी एकही करुण स्वगत त्यांनी घातले नाही. ती निष्पाप होती असा दावाही त्यांच्या युक्तिवादाला लागला नाही. त्या विजयालक्ष्मीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि तोंड पुरुषांकडे केले. ज्या दुर्गुणांसाठी तुम्ही बायकांना नावे ठेवता ते तुमच्यात नाहीत का, विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही हा नियम कोणी केला, एकीच्या चुकीने सारी स्त्रीजात बदनाम होते मग एका पुरुषाच्या चुकीने सारे पुरुष का होत नाहीत, असे त्या थेट विचारत जातात. पुस्तकातला आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ताराबाईंचा आहे, आणि म्हणून तो विश्वासार्ह आहे. विजयालक्ष्मीचे मौन तिचे तिच्याकडे राहते.

आणि त्या मौनात एक अर्भकही आहे, हे विसरता कामा नये. विजयालक्ष्मीवर आज कोणी दुहेरी काळाची कादंबरी लिहिली, तर ते अर्भक एका वाक्यात उरकण्याचा मोह फार होईल. ताराबाईंच्या पद्धतीत तसा मोह होण्याचे कारण नाही, कारण त्यांना विजयालक्ष्मीला नायिका करायचे नव्हते. अशा मृत्यूंपर्यंत बायकांना नेणारी व्यवस्था त्यांना चव्हाट्यावर आणायची होती. त्याआधी जवळजवळ वीस वर्षे, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल ठेवा किंवा न्या. विधवेचे मन त्यांनाही कल्पनेने जाणावे लागलेच असेल. पण त्या कल्पनेचे त्यांनी एक दार केले, जे आतून उघडता येत होते.

कादंबरीकाराकडून दाराची अपेक्षा करता येत नाही, हे मान्य. कादंबरीला आत शिरावेच लागते. मग आत शिरूनही परक्याच्या घरात असल्याचे भान ठेवता येते का? मला वाटते, येते. ए. एस. बायट यांच्या १९९० च्या ‘पझेशन’ मध्ये विसाव्या शतकातले दोन अभ्यासक व्हिक्टोरियन काळातल्या एका कवीचे आणि कवयित्रीचे गुप्त प्रेम पत्रांवरून उलगडतात. शेवटी त्यांना वाटते, सगळे कळले. त्यानंतर बायट एक छोटे परिशिष्ट जोडतात. १८६८ सालचा एक दिवस. त्या दिवशी जे घडले त्याची नोंद कुठेही झाली नाही, निरोप दिला गेला पण पोचला नाही, आणि अभ्यासकांना ते कधीच कळणार नाही. नावातच ताबा असलेल्या या कादंबरीत लेखिका शेवटच्या तीन-चार पानांत ताबा सोडून देते. मेलेल्यांच्या वाट्याला एक दिवस तरी त्यांचा स्वतःचा राहतो.

‘हीट अँड डस्ट’ कडे या नजरेने परत पाहिले की तिचीही एक बाजू टोचू लागते. इंदरलालची बायको रितू. ती आजारी आहे, तिला झटके येतात. सासू तिला तीर्थयात्रेला घेऊन जाते आणि त्याच काळात घरात निवेदिका आणि इंदरलाल जवळ येतात. रितू कादंबरीच्या कडेला उभी असते. तिची पत्रे नाहीत, तिच्या शोधात पन्नास वर्षांनी कोणी परदेशी नात येणार नाही. दोन काळ मिळाले ते दोन इंग्रज बायकांना. रितूला एकही पुरता मिळाला नाही. लेखिकेला हे कळत होते असे मला वाटते, कारण रितूला तिने पुसून टाकलेले नाही. पण या प्रकारच्या कादंबरीत शिरण्यासाठी मुळात एक ट्रंक लागते. कागद लागतो, कागद जपणारे घर लागते, घरावर माळा लागतो. आमच्या वाड्यात अक्काबरोबर धुणीभांडी करणारी एक बाई वीस वर्षे येत होती, असे आत्या सांगते. अक्का तिच्या हातावर वरून पैसे टाकायची. त्या बाईचे नाव आत्याला आठवत नाही. शतकांपलीकडे हात नेणाऱ्या स्त्रियांची आपली साखळी फार ठरावीक घरांतून जाते, हे लक्षात आल्यावर तिचा अभिमान जरा जपूनच बाळगावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, की इतकी पथ्ये पाळायची तर लिहायचेच कशाला. मला तसे वाटत नाही. परक्या काळातल्या बाईची कल्पना करणे हे चांगलेच काम आहे. त्यावाचून ती फक्त एक तारीख उरते. पण कल्पना करून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा: ही बाई माझ्याशी असहमत होऊ शकते का? ती माझ्या समोर बसली, तर माझे कापलेले केस आणि माझा घटस्फोट पाहून तिला किळस येऊ शकेल, इतकी ती वेगळी उरली आहे का? तिने तो किळसेचा हक्क गमावला असेल, तर ती मी लिहिलेली बाहुली आहे. नाते मानायला ती माझ्यासारखी असायची गरज नाही. घरातल्या माणसांपैकी आपल्यासारखी असतात तरी किती?

हे सगळे मी आत्याला तिच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. कादंबरी बाजूला ठेवते आहे, असेही म्हटले. तिला ते आवडले नाही.

“टाकू नकोस,” ती म्हणाली. “लिही. ते शाळेचंही लिही. आणि हेही लिही, की मला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस रात्री ती माझ्या उशाशी बसली होती. सोवळं सोडून.”

“कधी झाला होता?”

“नाव काढलं त्याच्या पुढच्या वर्षी.”

मी विचारले, की मग तिला वाईट वाटले असेल का, शाळेचे. म्हणून बसली असेल का. माझी कादंबरीकाराची सवय सुटलेली नव्हती.

आत्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. “ते तिनं मला कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली, “आणि मी विचारलं नाही.”

सात प्रकरणांतली पाच मी काढून टाकली आहेत. गायनशाळेतला तरुण गेला. वही राहिली आहे. तिच्यात तारीख, शेर, आणे आहेत, एका पानावर खाडाखोड आहे, आणि ती कशाची हे माझ्या निवेदिकेला कळत नाही. भूगोलाच्या वहीचे प्रकरण आत्याच्या बोलण्यावरून लिहिते आहे. ते तिला वाचून दाखवायचे आहे, कारण तिला अजून नाही म्हणता येते.